तारापोर, अर्देशीर बुर्झोरजी

(१८ ऑगस्ट १९२३ – १६ सप्टेंबर १९६५). भारतीय भूदलातील रणगाडा अधिकारी, १७ पूना हॉर्स या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर आणि परमवीर चक्राचे (मरणोत्तर) मानकरी. सहकारी त्यांना ‘आदी’ म्हणत.

जन्म मुंबईत, पारशी कुटुंबात. पूर्वज रतनजीबा हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि बक्षीस मिळालेल्या गावांपैकी तारापूरवरून घराण्याला हे आडनाव पडले, अशी कौटुंबिक परंपरा आहे. शिक्षण पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत, वसतिगृहात राहून झाले. पुढे ते हैदराबाद संस्थानच्या फौजेत पायदळ अधिकारी झाले. तेथे सरावाच्या वेळी एका नवशिक्या शिपायाने फेकलेला हातबॉम्ब भलतीकडेच पडला. तारापोरांनी धाव घेऊन तो उचलून दूर भिरकावला. तेवढ्यात तो फुटला आणि त्यांच्या छातीत तुकडे घुसले. संस्थानच्या फौजेचे प्रमुख एल एद्रूस यांनी कौतुक केले, तेव्हा तारापोरांनी चिलखती (रणगाड्यांच्या) दलात बदली मागून घेतली. दुसऱ्या महायुद्धात ते पश्चिम आशियात होते. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर १९५१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये आले.

१९६५ च्या युद्धात ही रेजिमेंट सेंच्युरियन रणगाडे घेऊन पाकिस्तानातील सियालकोट आघाडीवर उतरली. सेंच्युरियनमध्ये चौघे असतात: कमांडर, तोफ चालवणारा गनर, गोळे भरणारा लोडर आणि ड्रायव्हर. झाकण लावून बसल्यास कमांडरला पेरिस्कोपमधून दिसेल तेवढाच मुलूख दिसतो. उसाच्या आणि उंच पिकांच्या त्या शेतांत तेवढ्यावर भागत नव्हते. म्हणून कमांडर डोके आणि खांदे बाहेर काढून उभा राहतो. लढाईवर त्याची नजर राहते, पण तोफगोळ्यांच्या तुकड्यांना तोच आधी सापडतो. रेजिमेंटच्या प्रमुखाने मागे थांबून वायरलेसवर हुकूम सोडले असते तरी कोणी बोट ठेवले नसते. तारापोर पुढेच राहिले.

११ सप्टेंबरला फिलोरावरील चढाईत वझीरवालीच्या बाजूने पाकिस्तानी रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला. तारापोर जखमी झाले, पण मागे जायला त्यांनी नकार दिला. फिलोरा त्याच दिवशी पडले, १४ तारखेला वझीरवाली आणि १६ ला जस्सोरन व बुतुर डोगरांदी ही गावे हाती आली. त्याच आघाडीवरच्या चविंडा या ठाण्यावर मागून हल्ला करणाऱ्या पायदळाला आधार म्हणून ती धरून ठेवणे भाग होते. तारापोरांच्या रणगाड्यावर अनेक गोळे आदळले. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. लोकप्रिय वर्णनांत ते पेटलेल्या रणगाड्यात गेले असे येते. लष्करातील आठवणींत मात्र ते रणगाड्याबाहेर उभे राहून चहा घेत असताना तोफगोळा पडल्याचे सांगतात. परमवीर चक्राचे मानपत्र फक्त ‘प्राणांतिक जखमी’ एवढेच म्हणते. शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट, स्वतःचे ९ निकामी, हा आकडाही मानपत्रातलाच. युद्धकाळातले असे आकडे जपूनच वाचावेत.

मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांनी एका सहकारी मेजरला निरवानिरव सांगून ठेवली होती: दहन रणभूमीवरच व्हावे, प्रार्थनेचे पुस्तक आईला, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडे आणि फाउंटन पेन मुलाला द्यावे. पारशी रूढीत दखम्याचा, म्हणजे मृतदेह उंच मनोऱ्यात गिधाडांसाठी ठेवण्याचा, रिवाज असल्याने पहिली इच्छा वेगळी उठून दिसते. तीही पाळली गेली. जस्सोरनला त्यांचे दहन झाले.

चविंडा भारताच्या हाती आले नाही. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली आणि जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार सैन्ये पूर्वीच्या जागी परतल्यावर जस्सोरनही पाकिस्तानकडे गेले. पूना हॉर्सला दुसरे परमवीर चक्र १९७१ मध्ये, बसंतरच्या लढाईत पडलेल्या, पुण्यातच जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यामुळे मिळाले. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटाला तारापोरांचे नाव देण्यात आले.