चोरांनी भांडी टाकली, क्रीम नेलं

प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यात चोर दोनदा शिरले होते आणि दुसऱ्या खेपेला ते खास तेलांसाठीच आले होते असा ते थडगं शोधून काढणाऱ्या हॉवर्ड कार्टरचा अंदाज होता. त्याला एका दगडी भांड्याच्या आतल्या बाजूला चक्क चोराच्या बोटांच्या खुणा दिसल्या, आपण क्रीमच्या डबीत उरलंसुरलं बोट फिरवून काढतो ना, तशा. भांडी जड, म्हणून आतला माल चामड्याच्या पिशव्यांत भरला आणि भांडी तिथेच. आज आपण म्युझियममध्ये काचेला नाक लावून बघतो ती ही टाकलेली भांडी!

यातली बरीचशी इजिप्शियन अलाबास्टरची, म्हणजे खरं तर कॅल्साइट. तसा मऊ दगड, नखाने नाही पण चाकूने ओरखडा निघतो. बाहेरून घडवणं त्यातल्या त्यात सोपं, खरी कसोटी आतून कोरताना. तांब्याची पोकळ नळी, तिच्याखाली वाळू, वरून दगडांची वजनं बांधलेलं गिरमिट, आणि फिरवत बसायचं. कापतं ते तांबं नाही बरं का, वाळूतले क्वार्ट्झचे कण कापतात. मग नळीच्या आत उरलेला दगडाचा दांडा ठोकून मोडायचा. पण तोंड लहान आणि पोट मोठं असेल तर? त्यासाठी मधे चिमटलेला लांबट दगड असायचा, तो उभा आत सोडायचा, आत गेला की आडवा करायचा आणि बेचक्याच्या दांड्याने कंबरेत धरून गरागरा फिरवायचा. हे गिरमिटच पुढे त्यांच्या चित्रलिपीत 'कारागिरी' या शब्दाचं चिन्ह झालं.

माझं सगळ्यात लाडकं भांडं तुतनखामुनचंच, जेमतेम २७ सेंटीमीटर उंच. झाकणावर सिंह निवांत बसलाय, लाल जीभ बाहेर काढून, आणि बुडाखाली शत्रूंची चार मुंडकी. हे चोरांच्या तावडीतून सुटलं, त्यामुळे आतला ऐवज शाबूत. १९२६ मध्ये चॅपमन आणि प्लेंडरलीथ या केमिस्टनी तो तपासला तर जवळपास ९० टक्के प्राण्यांची चरबी, बाकी राळ किंवा बाल्सम म्हणजे झाडाच्या सुगंधी चिकासारखं काहीतरी. त्या काळी अल्कोहोलवाला परफ्यूम नव्हताच, सुगंध धरून ठेवायला तेल नाहीतर चरबीच लागायची, आपल्याकडे तिळाच्या तेलात मोगरा मुरवायचे तसंच. ३,३०० वर्षांनंतरही ते मलम हाताच्या उबेने पाघळायला लागलं आणि वास आला तो कसला, तर बराचसा खोबरेल तेलासारखा! नारळाचा अर्थात काही संबंध नाही, जुनाट चरबीची करामत.