नज, म्हणजे हळूच ढकलणं

माणसावर सक्ती न करता, दंड न लावता, नुसती समोरची मांडणी बदलून त्याला चांगल्या सवयीकडं वळवायचं, ह्याला नज म्हणतात. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन ह्यांच्या २००८ च्या पुस्तकानं हा शब्द गाजवला, थेलरना २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल पण मिळालं. मूळ मुद्दा साधा आहे, माणसाला कळत नसतं असं नाही, कळतं पण वळत नाही. आमच्या बेळगाव भागातल्या तंबाखूच्या निपाणीत तंबाखू वाईट हे कुणाला सांगायला पाहिजे काय? २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापतात, तरी मशेरीची डबी मोरीत ब्रशच्या शेजारीच ठेवलेली असते, हात आपोआप तिकडंच जातो. डबी वरच्या फळीवर मागं ठेवली तर हात थोडा थांबतो, एवढंच नजचं काम.

खानावळीत पण तसंच, ताटात लोणचं-पापड न मागता येतं म्हणून आपण खातो, मागितल्यावरच द्यायचं ठरवलं तर बरेच जण मागणार पण नाहीत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण जेवताना कोण मोजत बसतंय!

उदयपूरचा प्रयोग प्रसिद्ध आहे, २०१० ला छापून आला. जिथं काहीच केलं नाही तिथं ६ टक्के पोरांचं लसीकरण पूर्ण झालं, ठरल्या दिवशी गावात कॅम्प लावला तिथं १८, आणि कॅम्पबरोबर दर लसीला किलोभर डाळ व शेवटी ताटं दिली तिथं ३९. काटेकोर बोलायचं तर डाळ हे आमिष झालं, नज नव्हे, पण लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात.

आपल्याकडं भाषेचा पण प्रश्न आहे. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या मराठी आज्जीला आरोग्याचा कानडी बोर्ड वाचता येत नसला तर तो कितीही भारी असूदे, भिंतीवरच राहतोय, तेच ओळखीच्या आशाताईनी हळदीकुंकवाला मराठीत सांगितलं की बायका एकमेकींकडं बघून तरी करतात.

२१ दिवसात सवय लागते हे मात्र खोटं. लंडनच्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, काहींना १८ तर काहींना २५४ पर्यंत, म्हणजे बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर आठवडाभर फिरून वजन-काट्याला शिव्या घालू नये.

आणि नजचा फार गवगवा पण करू नये. अमेरिकेतल्या सरकारी नज युनिटांचे, म्हणजे सरकारसाठी नज करून बघणाऱ्या गटांचे, प्रयोग तपासले तर फरक सरासरी १.४ टक्के-अंकांचाच, म्हणजे शंभरात एखाददुसऱ्या माणसाचाच निघाला, संशोधकांच्या छापील पेपरात तो ८.७ दिसत होता. ज्या घरची चूल विड्या वळून पेटते तिथं डबी वरच्या फळीवर ठेवून काय होणार, तंबाखू तर सुपातच पडलेला असतोय.