बादली होण्याआधीच समुद्रात गेलेले प्लास्टिक

समुद्रातील प्लास्टिकचा विषय निघाला की पिशव्या, बाटल्या आणि फाटकी जाळी डोळ्यांपुढे येतात, म्हणजेच कोणीतरी वापरून टाकून दिलेल्या वस्तू. मात्र या प्रदूषणाचा एक मोठा भाग असा आहे की जो कोणीच वापरलेला नसतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन बनवणारे कारखाने आपला माल साबुदाण्याएवढ्या, दोन ते पाच मिलिमीटरच्या दाण्यांच्या रूपात विकतात. व्यापारात त्याला नुसता ‘दाणा’ म्हणतात. २५ किलोच्या पोत्यांतून तो वस्तू तयार करणाऱ्या कारखान्यांत जातो आणि तेथे वितळवून, साच्यात घालून त्याच्या बादल्या, खुर्च्या, झाकणे केली जातात. एका ग्रॅमला साधारण ५० दाणे धरले, तर एका पोत्यात बारा लाखांहून अधिक दाणे भरतात. दाणा पाण्यावर तरंगतो, वाऱ्याबरोबर सरकतो आणि एकदा वाळूत मिसळला की चाळणीखेरीज वेगळा करणे कठीण जाते.

सप्टेंबर १९७१ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेचे एडवर्ड कारपेंटर उत्तर अटलांटिकमधील सारगासो समुद्रात पृष्ठभागावरील शेवाळाचे नमुने गोळा करत होते. त्यांच्या बारीक जाळ्यात शेवाळाबरोबर प्लास्टिकचे कण वारंवार येऊ लागले आणि त्यांतील बहुतेक कण पांढरे, कठीण, नळकांड्याच्या आकाराचे दाणे होते. दर चौरस किलोमीटरला सरासरी साडेतीन हजार कण असा हिशेब मांडणारा त्यांचा आणि के. एल. स्मिथ यांचा शोधनिबंध १९७२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आला. प्लास्टिकचे उत्पादन वाढत जाईल तसे हे प्रमाणही वाढेल, असा इशारा त्यात स्पष्ट शब्दांत दिलेला होता. त्याच वर्षी कारपेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील पाण्यात पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे गोलक शोधले. तपासलेल्या १४ जातींच्या माशांपैकी आठ जातींच्या पोटात ते सापडले आणि या गोलकांच्या पृष्ठभागावर पीसीबी हे विषारी रसायनही आढळले. माशांच्या पोटात प्लास्टिक जाते आणि त्याच्यासोबत विष जाऊ शकते, या दोन्ही गोष्टी अशा रीतीने पन्नास वर्षांपूर्वीच नोंदवल्या गेल्या होत्या. पुढे जे घडले त्याचे खापर अज्ञानावर फोडता येणार नाही.

रसायनांचा हा धागा जपानमधील हिदेशिगे ताकादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेला. प्लास्टिक मुळात खनिज तेलापासून झालेले असल्याने तेलात विरघळणारी रसायने पाण्यापेक्षा त्याच्याकडे अधिक ओढली जातात. नवे दाणे समुद्राच्या पाण्यात टांगून ठेवले असता अवघ्या काही दिवसांत त्यांच्यावरील पीसीबीचे प्रमाण वाढत गेले, तर किनाऱ्यावर मिळालेल्या दाण्यांवर ते भोवतालच्या पाण्याच्या लाखपट ते दहा लाखपट असू शकते, असे त्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले. यानंतर ताकादा यांनी जगभरच्या लोकांना आपापल्या किनाऱ्यावरचे दाणे वेचून टपालाने टोकियोला पाठवण्याचे आवाहन केले. प्रदूषकाचाच पाण्यातील विषारी रसायनांच्या मोजमापासाठी उपयोग करण्याची ही कल्पना कमी खर्चाची आणि खरोखरच चतुर होती.

प्राणी हा दाणा का खातात, याचे उत्तर एकच नाही. आकाराने आणि रंगाने तो माशांच्या अंड्यांसारखा दिसतो. शिवाय पाण्यात काही आठवडे राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरते आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो. वासावरून भक्ष्य शोधणाऱ्या सागरी पक्ष्यांच्या दृष्टीने हा वास अन्नाचाच असतो. त्यांतल्या काही पक्ष्यांच्या जठराची रचना अशी असते की कठीण कण लवकर बाहेर पडत नाहीत, ते तेथेच साचत जातात आणि अन्नाची जागा व्यापतात. उत्तर समुद्रातील फुलमार पक्ष्यांच्या पोटातील प्लास्टिक तर तेथील प्रदूषणाचे अधिकृत मापकच बनले आहे. याच पक्ष्यांच्या नोंदींवरून १९८० च्या दशकानंतर पोटातील औद्योगिक दाण्यांचे प्रमाण बरेच घटल्याचे दिसते. सांडलवंड रोखण्यासाठी अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने १९९१ पासून स्वेच्छेची एक मोहीम चालवली आहे. या घटीचे श्रेय तिला किती द्यावे यावर वाद होऊ शकतो, पण मनावर घेतले तर फरक पडतो एवढे तरी त्यावरून दिसते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यापुरते बोलायचे तर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जानेवारी आणि जून अशा दोन वेळा केरीपासून गालजीबागपर्यंतच्या सहा किनाऱ्यांवर दाणे वेचले. त्यांत पांढरे दाणे सर्वाधिक होते. त्यांतील बहुतेक दाणे समुद्रातूनच आलेले असून नैऋत्य मोसमी वारे आणि त्या काळातील प्रवाह ते किनाऱ्याला लावतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. दाणा जुना होत जातो तसा उन्हाने पिवळा पडतो आणि त्याला भेगा जातात, म्हणून रंगावरून त्याने समुद्रात किती काळ काढला असावा याचा अंदाज बांधता येतो.

मधल्या काळात कंटेनरवाहू जहाजे वाढत गेली आणि गळतीत अपघातांचीही भर पडली. २०१२ मध्ये वादळात सापडलेल्या जहाजावरून हाँगकाँगजवळ सुमारे १५० टन दाणा समुद्रात पडला, तर २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान बंदरात ४९ टन. या दोन्ही घटना २०२१ मध्ये अगदीच किरकोळ ठरल्या. ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जवळजवळ नव्या जहाजावरील एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. तो कंटेनर उतरवून घेण्याची विनंती कतारमधील हमाद आणि गुजरातमधील हजिरा या बंदरांत करण्यात आली, परंतु दोन्हीकडे ते झाले नाही. जहाज तसेच कोलंबोला पोहोचले आणि २० मे रोजी त्यावर आग लागली. जूनच्या सुरुवातीला ते बुडू लागले तोवर सुमारे १,६८० टन दाण्यांपैकी बराचसा समुद्रात गेला होता. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरील सराक्कुवा येथे वाळूवर पांढऱ्या दाण्यांचा जाड थर साचला आणि त्यात जळून एकमेकांना चिकटलेले काळे गोळेही मिसळले होते. लगतच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद ठेवावी लागली. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एक अब्ज डॉलरच्या भरपाईचा आदेश देताना चारशेहून अधिक कासवे आणि अनेक डॉल्फिन मेल्याची नोंद घेतली.

कायद्यातील फट मात्र तशीच राहिली. १९८८ च्या अखेरीस लागू झालेल्या, जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने जहाजावरून प्लास्टिक फेकण्यास बंदी घातली, परंतु जहाजाला अपघात होऊन प्लास्टिक सांडले तर ही बंदी लागू होत नाही. दाण्याची गणना धोकादायक मालात होत नसल्यामुळे त्याचे कंटेनर उघड्या डेकवर, अगदी कडेलाही रचता येतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ मध्ये पक्के वेष्टन, कागदपत्रांत स्पष्ट उल्लेख आणि डेकखालची किंवा आतल्या बाजूची जागा अशा शिफारशी केल्या, पण त्या पाळणे ऐच्छिक आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २५ मे २०२५ रोजी, ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० कंटेनरांसह केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर बुडाले. पावसाळा तोंडावर होता. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर आणि पुढे तमिळनाडूतही दाण्यांची पोती व सुटे दाणे येऊ लागले. केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा दाखल केला. त्यातील ८,६२६ कोटी प्रदूषणाच्या हानीपोटी मागितले असून मच्छीमारांच्या बुडालेल्या उत्पन्नासाठी ५२६ कोटी मागितले आहेत.