आपला गॅस बाहेर विकतात म्हणून बिल वाढतं?
कोथरूडला आमच्या सोसायटीत पाइप गॅसचं बिल आलं रे आलं की तोच फॉरवर्ड फिरतो, म्हणे ऑस्ट्रेलिया गॅस आधी स्वतःच्या लोकांना देतो मग विकतो, आणि आपलं सरकार आपला गॅस बाहेर विकून आपल्याला लुटतं.

अहो, विकायला आहे कुठे! जवळपास निम्मा गॅस आपण एलएनजी म्हणून, म्हणजे खूप थंड करून द्रव केलेला, जहाजाने बाहेरून आणतो, दाभोळला तो उतरवायचं टर्मिनल आहे बघा. उलट सरकारी तेल-गॅस कंपनी ओएनजीसीच्या जुन्या विहिरींतला स्वस्त गॅस आधी घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला द्यायचा असंच धोरण आहे, फक्त तो पुरत नाही, मग त्यात महागडा मिसळावा लागतो आणि ती मिसळ आपल्या बिलात उतरते.

आणि ऑस्ट्रेलियाचं पण अर्धवटच. २००६ पासूनचा १५ टक्के गॅस स्थानिकांसाठी राखायचा नियम पश्चिम ऑस्ट्रेलिया या एका राज्याचा. पूर्वेकडे तसं काही नव्हतं, २०१५ च्या सुमारास तिथल्या ग्लॅडस्टोन बंदरातून एलएनजीची जहाजं परदेशी सुटायला लागली आणि तिकडचे लोक आपल्यासारखेच बिल बघून कपाळाला हात लावू लागले, शेवटी २०१७ ला टंचाई दिसली तर निर्यातीला लगाम घालायची तरतूद केली.

सिलेंडरवाला एलपीजी वेगळा हां, तो यात घुसवू नका.