दुधातलं अफ्लाटॉक्सिन : 'समाधानकारक' कशाला म्हणायचं?

दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ची (बुरशीच्या विषाचं दुधात उतरणारं रूप) हकीकत १९६० साली इंग्लंडात मेलेल्या लाखभर टर्की पक्ष्यांपासून सुरू करायचा प्रघात आहे. बडोद्यात बसून ती शेजारच्या पंचमहालापासून सांगावी. १९७४ मध्ये तिथे आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. तेव्हा धास्ती धान्याची होती. दुधाकडे लक्ष जायला वेळ लागला. सरकीचा खोळ (पेंड म्हणणारे मराठी गवळी आता इथे थोडेच उरलेत) पावसाळ्यात दमट गोदामात पडून राहिला, की त्यातल्या बी-१चा, म्हणजे बुरशीच्या मूळ विषाचा, साधारण एक-दोन टक्के भाग गाईच्या यकृतात रूप पालटून दुधात उतरतो. दूध उकळूनही तो जात नाही.

भारतात मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात ०.०५. या दहापट फरकावर बरंच लिहून झालंय. पण ०.५ सांगणारी प्रयोगशाळा खरोखर ०.५ मोजते का, हे कोण बघतं? त्यासाठी प्रवीणता चाचणी असते, लॅबच्या बोलीत 'पीटी'. एकाच दुधाचे नमुने अनेक प्रयोगशाळांना जातात, ठरलेला आकडा कुणालाच माहीत नसतो. आपलं उत्तर त्या आकड्यापासून जितकं लांब, त्याला एका पट्टीने, म्हणजे किती तफावत अपेक्षित धरायची त्या मापाने, भागलं की झेड-स्कोर निघतो. उणे-अधिक दोनच्या आत समाधानकारक, तीनच्या पलीकडे नापास.

सगळी मेख त्या पट्टीत आहे. १९८० मध्ये एका अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह जुन्या तपासण्यांचे ढीग चाळून सूत्र मांडलं : पदार्थ जितका विरळ, तितकी प्रयोगशाळांच्या आकड्यांतली तफावत मोठी. ०.५ला हे सूत्र लावलं तर तफावत येते सुमारे ५० टक्के. म्हणजे पट्टी ०.२५ची आणि सूट तिच्या दुप्पट. ०.५ विष असलेल्या दुधात जवळपास शून्य सापडलं असं कळवणारी प्रयोगशाळाही त्यात बसते! अखेर २००० साली ब्रिटनमधून दुरुस्ती आली : १२० पीपीबीच्या (किलोला १२० मायक्रोग्रॅम) खाली सरसकट २२ टक्के धरा. त्याने सूट ०.२८ ते ०.७२ इतकी आवळली. तरी ०.३ सांगणारी टँकर उतरवून घेते, ०.७ सांगणारी परत धाडते, आणि पीटीच्या अहवालात दोघींपुढे एकच शब्द. आयोजक म्हणतात, पट्टी कामाप्रमाणे आणखी कडक ठेवायला कुणाची हरकत नाही. खरंय, पण आपणहून कडक पट्टी मागून घेणारं कोण असतं?

त्यात मराठीची अडचण. नेमका लागलेला आकडा आणि दर वेळी तोच येणारा आकडा, दोन्हींना आपण 'अचूक'च म्हणतो. दहा वेळा ०.३ देणारं यंत्र पाहून आमच्या लॅबमध्येही पाठ थोपटली गेली होती. चूक यंत्राआधीच झालेली. साय काढलेलं दूध इम्युनोअॅफिनिटी कॉलममधून (विष धरून ठेवणारी नळी) थेंब-थेंब सोडायचं असतं. पाळी संपत आली की हात पिचकारीवर जोर देतो, विष कॉलमला न चिकटताच वाहून जातं, आणि आकडा उतरतो.

२०१८च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणाने हा विषय लॅबबाहेर आणला. ६,४३२ नमुन्यांत भेसळीचे १२ निघाले, एम-१ मर्यादेबाहेर असलेले ३६८. बातम्या मात्र वर्षानुवर्षं भेसळीच्याच. दरम्यान, प्रयोगशाळांच्या मानकाची २०१७ची सुधारित आवृत्ती आली होती. पास-नापास ठरवताना मोजमापातली अनिश्चितता कशी धरली, त्याचा नियम सांगणं तिने बंधनकारक केलं. मी पाहिलेल्या अहवालांत हा नियम शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतो. टँकरच्या ड्रायव्हरच्या हाती पहिल्याच पानाची झेरॉक्स पडते.