हॉलिवूडच्या अभिजात काळातील लॅटिना अभिनेत्री : वंश, स्त्रीत्व आणि तारकापद

मूकपटांच्या अखेरीपासून १९६० च्या सुमारास स्टुडिओ व्यवस्था, म्हणजे मोठ्या स्टुडिओंची सत्ता, ढासळेपर्यंत मेक्सिको, ब्राझील, पोर्तो रिको आदी भागांतून आलेल्या, किंवा तिथल्या म्हणून पडद्यावर उभ्या केलेल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी, अभिनेत्रींना हॉलिवूडने दिलेले स्थान हा या नोंदीचा विषय आहे. त्या काळच्या अमेरिकेत माणसांची विभागणी गोरे आणि काळे अशी होती. या अभिनेत्री दोहोंच्या मधल्या पायरीवर होत्या. गोऱ्या नायकाने त्यांच्यावर भाळावे, त्यांच्यासोबत नाचावे, याला हरकत नव्हती. शेवटी संसार मात्र बहुधा गोऱ्या नायिकेशी होई.

ही मधली पायरी केवळ चित्रपटांनी घडवलेली नव्हती. अमेरिका-मेक्सिको युद्धानंतरच्या, १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने अमेरिकेत सामील झालेल्या मेक्सिकनांना नागरिकत्व मिळाले आणि कायद्याच्या दृष्टीने ते गोरे गणले जाऊ लागले. पण १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदवला गेला, आणि त्याच दशकातल्या मंदीत लाखो मेक्सिकनांना सीमेपलीकडे धाडण्यात आले. कॅलिफोर्नियात गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरची बंदी १९४८ पर्यंत टिकली. १९३० मध्ये लिहिलेल्या आणि १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या निर्मिती संहितेनेही (चित्रपटांत काय दाखवावे याचे हॉलिवूडने स्वतःवर घातलेले नियम) पडद्यावर गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध निषिद्ध ठरवले होते. लॅटिना त्या बंदीत थेट बसत नव्हती. परक्या स्त्रीचे आकर्षण दाखवायचे आणि संहिताही मोडायची नाही, अशी दुहेरी सोय तिच्यामुळे होई.

दोलोरेस देल रियो (१९०४–१९८३) हे या व्यवस्थेतले पहिले मोठे नाव. मेक्सिकोतल्या दुरांगो इथल्या सधन घराण्यातल्या या तरुणीला दिग्दर्शक एडविन कॅर्यूने १९२५ मध्ये हॉलिवूडला नेले. तिची प्रसिद्धी खानदानी स्त्री म्हणून झाली, कारण उच्चकुलीन ‘स्पॅनिश’ स्त्री गोऱ्या प्रेक्षकाला सहज पचत असे. मात्र भूमिकांमध्ये ती जगभर फिरली. ‘रेझरेक्शन’मध्ये (१९२७) रशियन, ‘रमोना’मध्ये (१९२८) स्कॉटिश बाप आणि आदिवासी आई असलेली मुलगी, ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’मध्ये (१९३२) पॉलिनेशियन बेटावरची राजकन्या. यातल्या शेवटच्या चित्रपटात ती गोऱ्या नायकावर प्रेम करते आणि अखेर ज्वालामुखीला बळी जाते. ‘फ्लाइंग डाउन टू रिओ’मध्ये (१९३३) ती ब्राझीलची धनिककन्या आहे आणि तिला अमेरिकन नायक मिळतो. त्यातल्या ‘कारियोका’ या समूहनृत्यात कृष्णवर्णीय गायिका एटा मोटेन आणि कृष्णवर्णीय नर्तक येतात, ते गाण्यापुरतेच. नायिका सावळी चालेल, काळी नाही, ही रेषा तिथे स्पष्ट दिसते.

लूपे वेलेसच्या (१९०८–१९४४) वाट्याला याच्या अगदी उलट प्रतिमा आली. ‘द गाउचो’मध्ये (१९२७) नायक डग्लस फेअरबँक्ससमोर ती ठसक्यात उभी राहिली. पुढे तिचा तापटपणा आणि अडखळते इंग्रजी हीच तिची ओळख करण्यात आली, आणि १९३९ ते १९४३ दरम्यानच्या ‘मेक्सिकन स्पिटफायर’ या विनोदी मालिकेत ती ओळख पक्की झाली. तरी हे चित्रपट आज पाहताना जाणवते ते तिचे विनोदाचे विलक्षण टायमिंग. शिवाय यात मेक्सिकन स्त्री गोऱ्या नवऱ्याच्या घरात बायको म्हणून हक्काने वावरते, हे त्या काळी दुर्मिळ होते. १९४४ मध्ये तिने आत्महत्या केली. त्या मृत्यूविषयी पुढे एक बीभत्स आणि खोटी कहाणी रंगवली गेली. तिच्या कामापेक्षा ती कहाणीच जास्त पसरली, हा एका समर्थ विनोदी अभिनेत्रीवर झालेला अन्याय आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लॅटिन अमेरिकेशी ‘चांगल्या शेजाऱ्या’चे संबंध ठेवण्याचे धोरण अमेरिकी सरकारने नेटाने पुढे रेटले. नेल्सन रॉकफेलरच्या हाताखालचे सरकारी कार्यालय त्यासाठी हॉलिवूडशी संधान बांधून होते. पोर्तुगालमध्ये जन्मलेली आणि रिओत वाढलेली कार्मेन मिरांडा (१९०९–१९५५) या धोरणाचा चेहरा झाली. १९४० च्या दशकाच्या मध्यास ती अमेरिकेतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या स्त्रियांपैकी एक होती. डोक्यावर फळांचा डोलारा, उघडे पोट, थरथरते घागरे हा तिचा वेष मुळात ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या कृष्णवर्णीय विक्रेत्या बायकांचा. गोऱ्या कार्मेनच्या अंगावर तो जगभर गाजला, आणि त्या बायका स्वतः पडद्याबाहेरच राहिल्या. १९४० मध्ये ती रिओला परतली, तेव्हा उर्का कॅसिनोतल्या प्रेक्षकांनी तिला थंडपणे वागवले. ती ‘अमेरिकन’ झाल्याचा ठपका तिच्यावर आला. त्याला तिने गाण्यातूनच उत्तर दिले. याच सुमारास डॉमिनिकन प्रजासत्ताकाची मारिया माँतेस युनिव्हर्सलच्या रंगीत चित्रपटांत म्हैसूरच्या साबू या अभिनेत्याबरोबर अरबस्तानच्या आणि काल्पनिक बेटांच्या कथांमध्ये राणी म्हणून मिरवत होती.

रिटा हेवर्थ (१९१८–१९८७) मधल्या पायरीवरून वर गेली. त्यासाठी तिला काय मोजावे लागले ते नीट पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली मार्गारिटा कान्सिनो ही स्पॅनिश नर्तक वडील आणि आयरिश-इंग्रज वंशाची आई यांची मुलगी. लॅटिन अमेरिकेशी तिचे रक्ताचे नाते नव्हते; पण केस काळे रंगवून, वडिलांची जोडीदार म्हणून ती मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआना शहराच्या क्लबांत नाचली आणि ‘लॅटिन’ म्हणूनच फॉक्स स्टुडिओत आली. तिथे ‘रमोना’च्या नव्या आवृत्तीतली नायिकेची भूमिका तिला मिळणार होती. स्टुडिओ विलीन झाले, मालक बदलले आणि १९३६ मध्ये ती भूमिका लोरेटा यंगकडे गेली. कोलंबिया स्टुडिओने नंतर तिचे आडनाव बदलून आईकडचे लावले, केस तांबडे केले आणि कपाळावरची केसांची रेषा विजेच्या सुयांनी, वेदना सोसायला लावून, मागे सरकवली. हा बदल लपवला गेला नाही, चाहत्यांच्या मासिकांतून कौतुकाने छापला गेला. ‘गिल्डा’ (१९४६) घडतो ब्युनोस आयर्समध्ये, आणि त्यात ती आहे अमेरिकन. लॅटिन पार्श्वभूमी राहिली, स्त्री तेवढी गोरी झाली. नाचातली तिची लय मात्र कान्सिनो घराण्याचीच होती, आणि तिच्या तारकापदाचा गाभाही नाचच होता.

मेक्सिकोला परतण्याचा मार्गही काहींनी घेतला. १९४३ मध्ये देल रियोने दिग्दर्शक एमिलिओ फर्नांदेसबरोबर काम सुरू केले. त्यांच्या ‘मारिया कांदेलारिया’ला १९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. त्यात ती मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांवरची आदिवासी मुलगी आहे. उच्चभ्रू कुळातली, गोरेपणाकडे झुकणारी अभिनेत्री आदिवासी म्हणून उभी राहते, म्हणजे रंगाची उतरंड मेक्सिकोतही होतीच.

१९५४ मध्ये ‘ब्रोकन लान्स’साठी देल रियोला अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला; कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय होता. ती भूमिका केटी हुरादोने केली आणि ऑस्करचे नामांकन मिळवणारी पहिली लॅटिन अमेरिकन अभिनेत्री ठरली. त्यातली बायको मूळची कोमांची या आदिवासी जमातीची आहे; पण नवऱ्याची पत राहावी म्हणून गाव तिला ‘सेन्योरा’ (स्पॅनिशमध्ये ‘बाईसाहेब’) म्हणते. मेक्सिकन असणे आदिवासी असण्याच्या एक पायरी वर, हा हिशोब इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल. ‘हाय नून’मधली (१९५२) हुरादोची हेलन रामिरेस तर स्वतःचा व्यवसाय असलेली, निर्णय घेणारी स्त्री आहे, आणि हुरादोने ती कुठेही न भडकता साकारली.

पोर्तो रिकोची रिटा मोरेनो हिने ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५६) बर्मी दासी रंगवली. ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये (१९६१) तिला अखेर पोर्तो रिकन भूमिका मिळाली, तीही चेहऱ्यावर गडद रंग थापून. आपल्या लोकांत सगळे रंग असतात, या तिच्या आक्षेपाची दखल घेतली गेली नाही, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. मुख्य पोर्तो रिकन नायिका होती रशियन स्थलांतरितांची मुलगी नताली वुड. मोरेनोला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. अभिनयासाठी ते मिळवणारी ती पहिली लॅटिना. त्यानंतर तिच्यापुढे आल्या त्या बहुतेक तशाच छापाच्या भूमिका, आणि त्या नाकारून तिने कित्येक वर्षे प्रामुख्याने रंगभूमी आणि दूरचित्रवाणीवर काम केले.