प्रोटीन खाल्लं की पोरांचा मूड सुधारतो का?

दहावी-बारावीचं वर्ष आलं की बऱ्याच घरांत प्रोटीन पावडर येते आणि तिच्यासोबत एक थिअरीपण येते, की प्रोटीन ज्या अमिनो ॲसिडांचं बनतं त्यातलं एक म्हणजे ट्रिप्टोफॅन, त्यापासून सेरोटोनिन बनतं, सेरोटोनिन म्हणजे हॅपी हार्मोन, मग काय, पाजा पावडर आणि पोरगं खूश. सुटं सुटं बघितलं तर यात फारसं चूक काही नाही, पण सगळं जोडून केलेला हिशोब गंडलेला आहे.

एकतर शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत शिरतच नाही. मेंदूला स्वतःचं स्वतः बनवावं लागतं, त्यासाठी ट्रिप्टोफॅन रक्तातून आत यायला हवं, आणि खरी गंमत इथेच आहे. आत यायची वाट म्हणजे एसटीचं दार, दार एकच आणि चढणारे ढीगभर. ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन ही बाकीची अमिनो ॲसिडंपण तिथूनच घुसतात, आणि बहुतेक प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन जेमतेम १ टक्का, त्यामुळे नुसतं प्रोटीन हाणलं तर गर्दीच वाढते आणि ते बिचारं मागे राहतं. उलट भात-साखरेने इन्सुलिन वाढतं, ते बाकीच्यांना स्नायूंकडे वळवतं आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. एमआयटीतल्या फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर हे दाखवलं. (म्हणून लगेच गुलाबजाम खात सुटू नका, जेवणात थोडं जरी प्रोटीन असलं तरी हा परिणाम बराचसा पुसला जातो.)

मग संबंध नाहीच का? आहे, पण माझ्या मते तो कमतरतेच्या बाजूने आहे. प्रयोगात ट्रिप्टोफॅन मुद्दाम कमी केलं तर आधी डिप्रेशन येऊन गेलेल्या काहींचा मूड काही तासांत खाली जातो, ठणठणीत माणसांना सहसा काही होत नाही, आणि हेही बहुतेक मोठ्यांवरचे प्रयोग. किशोरवयीन मुलांचा डेटा मुख्यतः निरीक्षणाचा, त्यात नीट न खाल्ल्याने पोरगं उदास झालं की उदास होतं म्हणून खाईना हे सांगणं अवघड.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते लोह. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि टायरोसिनपासून डोपामिन (मेंदूतलं उत्साहाशी जोडलेलं रसायन) बनवण्याची पहिली पायरी ज्या एन्झाइम्सवर चालते त्या दोघांनाही लोह लागतं, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला. मुलगी सारखी दमते, चिडचिड करते, अभ्यासात लक्ष नाही, की घरात पहिला आरोप मोबाइलवर, हिमोग्लोबिन कोणी तपासत नाही. मांस-मासळी, डाळी-उसळींतून प्रोटीनसोबत लोहपण मिळतं, बी१२ मात्र दूध-अंडी-मांसातूनच, डाळीत ते नसतं. अर्थात उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली तर ताटात उत्तर शोधत बसू नका, डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

गरज किती? आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रोटीन, मुलीला ४६. आता ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत मिळतं साडेसहा ग्रॅम, आणि आपलं पातळ वरण वाटीभर घेतलं तर तेवढी डाळही पोटात जात नाही. शाळेच्या पोषण आहारात सहावी ते आठवीला २० ग्रॅम ठरवलेलं आहे, महाराष्ट्रात २०२३ च्या शेवटी त्यात आठवड्याला एक अंडंपण आलं, २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला. आणि आठवी झाली की हा आहारच संपतो, नेमकी गरज वाढते तेव्हा. पुढे डबा घरचा, त्यात बहुतेकदा पोळी आणि बटाट्याची भाजी, मूठभर शेंगदाणे किंवा एक उकडलेलं अंडं टाकलं तरी ६-७ ग्रॅम वाढतात.